न्यू जर्सीत का लागलं नाही पुण्याचं लग्न?

पुण्यात २००५ साली झालेलं एखादं लग्न डोळ्यांसमोर आणा. अंतरपाट, मंगलाष्टका, अक्षता, सप्तपदी, विहिणींची पंगत, रुखवतावरून सावकाश फिरलेला कॅमेरा आणि त्याच्याकडे बघून उगाच हसणारी मंडळी. शूटिंगवाल्याने सगळं दोन तासांत बसवलं आणि डीव्हीडीवर राइट करून दिलं. एक प्रत दुबईच्या काकांना गेली, एक लंडनच्या आत्याला, एक मेलबर्नच्या मावशीला आणि एक न्यू जर्सीच्या मामांना. पहिल्या तिन्ही घरांत लग्न व्यवस्थित लागलं. मामांकडे मात्र पडद्यावर काळोख, किंवा फार तर रंग उडालेलं, खालून वर सरकत राहणारं चित्र.

चारही तबकड्या एकाच संगणकावर, एकाच दुपारी तयार झालेल्या. एकीतही बिघाड नाही. मामांचा प्लेअर तर नवाकोरा. मग अडलं कुठे? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलं, तर आपण थेट १८९० च्या दशकातल्या वीजनिर्मिती केंद्रांत जाऊन पोचतो. म्हणजे टीव्ही जन्माला यायच्या कितीतरी आधी! आणि वाटेत एवढ्या गमती भेटतात, की मामांची अडचण काही वेळ बाजूला ठेवावीशी वाटते.

नेहमीचा संशयित आधी निकालात काढू. डीव्हीडी अडली की लोक लगेच ‘रीजन कोड’चं नाव घेतात. सिनेमा कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले होते हे खरं: अमेरिका आणि कॅनडा १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५, चीन ६. विमानं आणि जहाजांसाठी तर वेगळा ८ क्रमांक. अमेरिकेत डीव्हीडी विक्रीला येईपर्यंत परदेशातल्या थिएटरांत सिनेमा लागलेलाही नसायचा, म्हणून ही कुंपणं. पण हे अख्ख्या जगाचं कुंपण तबकडीवर किती जागेत मावतं, सांगा बरं? एका बाइटमध्ये. आठ बिट, आठ विभाग. ज्या विभागाला बंदी, त्याच्या बिटात १. घरी राइट केलेल्या डिस्कवर आठही बिट शून्य असतात, म्हणजे कोणालाच बंदी नाही. घरगुती लग्नावर जगात कुठेही जकात नाही. रीजन कोड निर्दोष.

खरा गुन्हेगार विजेच्या तारेतून येतो.

आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. अमेरिकेत ६० वेळा. जर्मनीत एईजी कंपनीने ५० चा आकडा धरला, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० चा, आणि ज्या देशाने ज्याची यंत्रं घेतली, त्याच्या गळ्यात तो आकडा कायमचा पडला. याचा सगळ्यात मजेदार पुरावा जपानमध्ये आहे. टोकियोने १८९५ मध्ये जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने त्याच सुमारास अमेरिकन. आज सव्वाशे वर्षांनंतरही जपानचा पूर्व भाग ५० वर चालतो, पश्चिम भाग ६० वर, आणि सीमा देशाच्या मधोमध फुजी नदीपाशी!

पण विजेच्या हेलकाव्यांचा लग्नाच्या चित्राशी काय संबंध? सुरुवातीच्या टीव्हींमध्ये फार जवळचा होता. तेव्हाच्या संचात विजेची थोडीशी कुरबुर चित्रात उतरायचीच, एका फिकट आडव्या पट्ट्याच्या रूपाने. विजेचे हेलकावे ५० आणि चित्रं सेकंदाला ४८, असं झालं तर तो पट्टा पडद्यावर सतत वरखाली तरंगत राहणार आणि बघणाऱ्याचं डोकं उठणार. दोन्ही आकडे सारखे ठेवले, तर पट्टा एका जागी गोठून बसतो आणि डोळा त्याला विसरून जातो. म्हणून इंजिनिअरांनी सरळ ठरवलं: विजेचा जो ठेका, तोच चित्राचा ठेका. अमेरिकेत ६०, युरोपात ५०. भारताची वीज ५० ची, म्हणून आपला टीव्हीही ५० चा.

आता जुन्या काचेच्या टीव्हीत डोकावू. आत एक इलेक्ट्रॉनांचा झोत. तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढतो, झटक्यात परत येतो, खालची रेघ ओढतो. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेघा. त्यातली दिसणारी रेघ ओढायला त्याला ५२ मायक्रोसेकंद मिळतात. वीस इंची संचाची काच सुमारे ४० सेंटिमीटर रुंद. करा हिशोब: झोताचा ठिपका काचेवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावत होता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती साधारण याच वेगाने फिरतं! आपण दिवाणखान्यात लोळत ‘चिमणराव’ पाहत होतो, तेव्हा समोरच्या काचेवर हा प्रकार चालू होता.

एवढा वेग असूनही सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं पाठवणं परवडत नव्हतं, आणि पंचवीसच पाठवली तर पडदा लुकलुकायचा. मग काढलेली युक्ती अशी, की प्रत्येक चित्राचे दोन भाग करायचे. आधी १, ३, ५, ७ या रेघा, मग उरलेल्या २, ४, ६, ८. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत, तशी ही दोन अर्धचित्रं पडद्यावर एकमेकांत बसतात. चित्रं पंचवीस, अर्धचित्रं पन्नास. डोळा फसतो आणि लुकलुक थांबते.

पण पहिल्या खेपेच्या रेघांच्या बरोबर मधोमधच दुसऱ्या खेपेच्या रेघा पडतात, हे झोताला कोण सांगतं? कोणीच नाही! इथे खरी कमाल आहे. एकूण रेघा मुद्दाम विषम ठेवल्या: अमेरिकेत ५२५, आपल्याकडे ६२५. त्यामुळे आपल्याकडच्या प्रत्येक अर्धचित्राच्या वाट्याला येतात ३१२ रेघा आणि वर अर्धी. ती उरलेली अर्धी रेघच पुढच्या खेपेला आपोआप अर्ध्या घराने सरकवून देते. ना वेगळं सर्किट, ना वेगळी सूचना. एक विषम संख्या निवडली आणि काम झालं.

मग विषमच हवी तर ५२७ का नाही, ६२३ का नाही? अवयव पाडून बघा. ५२५ म्हणजे ३ × ५ × ५ × ७. ६२५ म्हणजे ५ × ५ × ५ × ५. तेव्हाच्या काचेच्या व्हॉल्व्हना एकदम मोठ्या आकड्याने भागाकार जमत नसे, तीन, पाच, सात असा छोट्या हप्त्यांनीच जमे. ३१,५०० चा मूळ ठोका घ्यायचा, त्याला सातने, पाचने, पुन्हा पाचने, मग तीनने भागायचं, की हाती येतात ६०. आपल्याकडे ३१,२५० ला चार वेळा पाचने भागलं की ५०. शाळेत मूळ अवयव कंटाळून पाडलेल्यांनी लक्षात घ्यावं, अख्ख्या जगाचा टीव्ही त्यांच्यावर उभा होता.

हे आकडे इतके चपखल बसलेले, की त्यांना हात लावायची हिंमत कोणी करू नये. अमेरिकेने १९५३ मध्ये केली. नाइलाज होता. रंगीत टीव्ही आणायचा होता, पण घराघरांतले कृष्णधवल संच टाकून देता येत नव्हते. त्याच प्रक्षेपणात रंगाचा संकेत लपवून घुसवायचा होता. घुसवला, तेव्हा कळलं की रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची जाळी उमटवण्याचा धोका आहे. आवाजाचा संकेत ४५ लाख हर्ट्‌झवर पक्का केलेला, तो हलवला तर जुने संच बिघडणार. मग काय हलवायचं? चित्राचा वेग! हजारात एक भाग एवढाच. सेकंदाला ३० चित्रांच्या जागी २९.९७. जाळी गायब झाली आणि जुने संचही चालू राहिले.

त्या चिमूटभर फरकाने पुढे किती छळलं! तीस मोजणारं घड्याळ आणि २९.९७ ने धावणारं चित्र यांच्यात तासाला ३.६ सेकंदांचं अंतर पडतं. म्हणून अमेरिकन संकलक आजही अशी मोजणी वापरतात, ज्यात दर मिनिटाला फ्रेमचे दोन क्रमांक गाळतात, मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. लीप वर्षाची आठवण यावी असा कारभार. आणि गंमत अशी, की ज्या विजेशी जुळावं म्हणून ६० चा आकडा घेतला, तिच्याशी नातं त्याच दिवशी तुटलं. वीज ६० वर राहिली, चित्र ५९.९४ वर गेलं. तोवर संच इतके सुधारले होते की पट्ट्याची भीती उरली नव्हती. कारण संपलं, आकडा राहिला.

या अमेरिकन पद्धतीचं नाव एनटीएससी. तिच्यात वाटेत थोडी गडबड झाली तरी माणसांचे चेहरे हिरवट नाहीतर जांभळट दिसत. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर सुरेख तोड काढली: प्रत्येक दुसऱ्या रेघेत रंगाच्या संकेताचा एक भाग उलटा करून पाठवायचा. मग एका रेघेत रंग एका बाजूला झुकला, तर पुढच्या रेघेत तेवढाच दुसऱ्या बाजूला झुकणार, आणि दोन्हींची सरासरी काढली की चूक स्वतःला खाऊन टाकणार. चूक रोखायची नाही, दोनदा उलटसुलट होऊ द्यायची! हीच पाल पद्धत. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शन रंगीत झालं ते याच पद्धतीने.

तर आता मामांच्या घरी परत जायला हरकत नाही. पुण्याची डिस्क ‘पाल’, मामांचा प्लेअर आणि टीव्ही ‘एनटीएससी’. सोडवलं की नाही कोडं?

थांबा. त्या डिस्कवर पाल नावाची गोष्ट मुळात नाहीच.

डीव्हीडीवर काचेवर धावणारा झोत नाही, विजेचा ठेका नाही, उलटसुलट रेघांची युक्ती नाही. तिथे फक्त आकडे आहेत: या ठिपक्याचा उजेड एवढा, निळेपणा एवढा, तांबडेपणा एवढा. रंगाचा पाल किंवा एनटीएससी संकेत प्लेअर तयार करतो, तोही तार लावलेल्या टीव्हीसाठी. मग खोक्यावर छापलेल्या त्या ‘पाल’ला अर्थ काय? एवढाच, की प्रत्येक चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं आहे आणि सेकंदाला अशी २५ आहेत. एनटीएससी म्हणजे ७२० × ४८० ठिपके आणि सेकंदाला ३०, किंवा काटेकोरपणे २९.९७. जुन्या वीजकेंद्रांचं भूत डिजिटल तबकडीत शिरलं ते या दोन आकड्यांच्या वेषात.

आणि आता कागद-पेन्सिल घ्या, कारण या सगळ्या कथेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथे आहे. ७२० गुणिले ५७६ गुणिले २५. उत्तर १,०३,६८,०००. आता ७२० गुणिले ४८० गुणिले ३०. उत्तर? १,०३,६८,०००. तेच! एका पद्धतीत चित्रं जास्त बारकाव्याची पण कमी, दुसरीत कमी बारकाव्याची पण जास्त. सेकंदाला मिळणारे ठिपके मात्र सारखेच. २९.९७ चा तो हट्ट मध्ये आणला तर हजारात एकाचा फरक पडतो, बाकी तराजू समतोल.

हा योगायोग आहे? पूर्णपणे नाही. दोन्ही बाजूंना रेघांचा वेग मुळातच जवळपास सारखा होता, १५,६२५ आणि १५,७५०. १९८२ मध्ये डिजिटल चित्रासाठी जगभर एकच नियम ठरवायची वेळ आली, तेव्हा तज्ज्ञांनी हे साम्य हेरलं. त्यांना असा एक वेग हवा होता, ज्याने दोन्ही पद्धतींतली प्रत्येक रेघ पूर्ण संख्येत कापली जाईल, अपूर्णांक उरणार नाही. तो निघाला सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने. आपल्या रेघेचे त्याने बरोबर ८६४ तुकडे होतात, अमेरिकन रेघेचे बरोबर ८५८. त्या २९.९७ च्या वाकड्या आकड्यासकट! ज्या पद्धती पुढारी, कंपन्या आणि देश जुळू देत नव्हते, त्या लघुतम साधारण विभाज्याने जुळवल्या. दोन्हींकडे रेघेतले दिसणारे ठिपके ७२०, हा आकडा तिथूनच आला. त्यानंतर १४ वर्षांनी आलेल्या डीव्हीडीने तो जसाच्या तसा उचलला.

म्हणजे दोन्ही डिस्कवरचा माल वजनाने सारखा. तो वाचण्याचं, उलगडण्याचं काम सारखं. अमेरिकन प्लेअरमधल्या चिपला ५७६ रेघा उलगडणं जड नव्हतं. तरी बहुतेक अमेरिकन प्लेअर नकार देत, कारण उलगडून झाल्यावर ते चित्र ज्या टीव्हीकडे पाठवायचं, त्याला ५० चा ठेका माहीतच नव्हता. अमेरिकेची बाजारपेठ इतकी मोठी, की तिथल्या कारखानदारांना बाहेरच्या चित्रांची सोय करायची गरज वाटली नाही. आपल्याकडे, आखातात, युरोपात परिस्थिती उलटी. अमेरिकन सिनेमे तर बघायचेच होते, म्हणून आपले प्लेअर आणि टीव्ही दोन्ही ठेके शिकले.

कसे शिकले तेही बघण्यासारखं. एनटीएससी डिस्क घातली की कित्येक भारतीय प्लेअर सरळ एक संकर तयार करत: चित्राचा ठेका अमेरिकन ६० चा, रंगाची पद्धत जर्मन. याला ‘पाल ६०’ म्हणतात. जगातल्या एकाही देशाने नेमक्या या पद्धतीने कधी प्रक्षेपण केलं नाही. प्लेअरपासून टीव्हीपर्यंतच्या मीटरभर तारेतच तिचं अख्खं आयुष्य.

यातून परदेशी पाठवायच्या डिस्कचा नियम आपोआप निघतो. एनटीएससी डिस्क जवळपास सगळीकडे चालते. पाल डिस्क लंडन, दुबई, सिंगापूर, मेलबर्नला चालते. न्यू जर्सी, टोरांटो आणि टोकियोला अडते. हो, टोकियोलाही. जपान रीजनने युरोपाच्या पंक्तीत आणि चित्राने अमेरिकेच्या. परदेशी प्रेक्षकांवर डोळा ठेवून काढलेल्या कित्येक हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी म्हणूनच पालच्या देशात बनूनही एनटीएससीत निघाल्या. त्या धंदेवाल्यांना हे गणित फार आधी उमगलं होतं.

मग लग्न एनटीएससीत बदलून पाठवायचं. संगणकावर एक पर्याय निवडला की झालं. पण तो पर्याय निवडल्यावर आत काय घडतं?

कॅमेऱ्याने एका सेकंदात लग्नाचे ५० क्षण टिपले आहेत. मामांना ६० हवेत. जास्तीचे १० कुठून आणायचे? काही क्षण दोनदा दाखवावेत, तर कॅमेरा पंगतीवरून फिरताना चित्र ठेचकाळत चालतं. शेजारचे दोन क्षण एकमेकांत मिसळावेत, तर वाढणाऱ्याच्या हाताला फिकट दुसरा हात फुटतो. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर तिसरं काम करतं. चित्रातला प्रत्येक लहान तुकडा कुठून कुठे सरकला हे ते शोधतं आणि मधल्या वेळी तो कुठे असला पाहिजे याचा अंदाज बांधून नवं चित्र रंगवतं.

आता अक्षतेचा एकच दाणा घ्या. तो हातातून सुटला, हवेतून नवरीच्या डोक्याकडे निघाला. सेकंदाचे ५० भाग आणि ६० भाग करून दोन पट्ट्या शेजारी ठेवा. दोन्हींच्या खुणा नेमक्या कितीदा जुळतात? सेकंदात फक्त १० वेळा. म्हणजे मामा बघणार असलेल्या ६० क्षणांपैकी जेमतेम १० कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेले. उरलेले ५० क्षण संगणकाने कल्पनेने भरलेले! त्या क्षणी दाणा कुठे होता, हे कॅमेऱ्याला ठाऊक नाही. मामांना फरक कळतही नाही. लग्न मुलीचंच, पण सहात पाच भाग संगणकाने रचलेलं.

यात एक बारीक सापळा आहे. अर्धचित्रांचा क्रम. मिनी डीव्ही कॅसेटवरचा कॅमेरा खालच्या रेघांचं अर्धचित्र आधी देतो. सॉफ्टवेअरला वाटलं वरचं आधी आहे, तर क्षणांचा क्रम १, २, ३, ४ असा न राहता २, १, ४, ३ होतो. म्हणजे दाणा सेकंदात पंचवीस वेळा पुढे उडी मारून मागे येतो. स्थिर चित्रात काहीच चूक दिसत नाही. आजी खुर्चीत छान बसलेल्या असतात. नवरदेव चालायला लागला की थरथर सुरू. चित्र थांबेल तिथे सुबक आणि हलेल तिथे थरथरणारं असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नसतो, या क्रमाचा असतो.

आवाजाचं काय? आवाजाला या भांडणाशी देणंघेणं नाही. डीव्हीडीवर तो सगळ्या देशांत सहसा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचाच धरतात. मंगलाष्टका बदलाव्या लागत नाहीत. फक्त आपल्याकडे एका चित्राच्या वाट्याला बरोबर १,९२० नमुने येतात, आणि अमेरिकेत येतात १,६०१.६. नमुन्याचा सहा-दशांश तुकडा कसा पाठवणार? पाच चित्रांचा गट करतात, मग बरोबर ८,००८ होतात. १९५३ ची ती चिमूट इथेही आली.

घरी डिस्क करणाऱ्याने आणखी दोन-तीन गोष्टी पाळाव्यात, त्या भराभर सांगतो. सेकंदाला ९.८ मेगाबिटपर्यंत चित्र भरायची नियमाने परवानगी आहे, पण राइट केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्या वेगाला अडखळतात, सहा-सात पुरे. आवाज डॉल्बी डिजिटल ठेवावा, तो सगळ्या प्लेअरना समजतो. डिस्क सावकाश राइट करावी. वर कागदी लेबल चिकटवू नये, तोल जातो. आणि शेवटी डिस्क ‘फायनलाइज’ करायला विसरू नये. तोवर तिच्यावर सगळं असतं, पण अनुक्रमणिका आणि समाप्तीची खूण नसते, त्यामुळे दुसऱ्या प्लेअरला ती कोरी वाटते.

कारखान्यात दाबून काढलेल्या आणि घरी राइट केलेल्या तबकडीत मुळातच फरक आहे. दुकानातल्या सिनेमाच्या डिस्कवर खरे खड्डे असतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद, ११ किलोमीटरहून लांब अशा एका अखंड गुंडाळ्यावर, आतून बाहेर. घरच्या डिस्कवर खड्डा एकही नाही. तिथे सेंद्रिय रंगाचा पातळ थर आहे, आणि लेसरने जिथे तो भाजला तिथे तो काळवंडून खड्ड्याची बतावणी करतो. प्लेअरचा लेसर या सोंगाला फसतो म्हणून लग्न दिसतं. चित्रं दाबून लहान केली नसती, तर हा सगळा ११ किलोमीटरचा रस्ता पाच मिनिटांच्या चित्रीकरणात संपला असता. दोन तास मावतात, कारण प्रत्येक चित्रात मागच्यापेक्षा काय बदललं तेवढंच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. मागची भिंत, मांडव, स्थिर बसलेली आजी पुन्हा पुन्हा लिहिली जात नाही. हलणाऱ्यालाच जागा.

आज डीव्हीडी कोणी पाठवत नाही. व्हिडिओ फोनवर जातो आणि फोनच्या पडद्याला ५० आणि ६० मध्ये भेद नाही. भांडण मिटलं म्हणावं, तर आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट दाखवा’ असं बटण अजून आहे. ते चालू केलं की सेकंदाला २५ चित्रांचा पर्याय उघडतो. भारतात ट्यूबलाइटखाली ३० च्या वेगाने शूट केल्यावर कधी कधी पडद्यावर पट्टे तरंगताना दिसतात ना? आपली वीज ५० ची, दिवा तिच्याबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि कॅमेरा अमेरिकन ठेक्यावर. तोच जुना पट्टा, नव्या फोनमध्ये.

तुमच्या कपाटात २००० नंतरच्या लग्नामुंजींच्या घरी राइट केलेल्या डिस्क असतील, तर त्या याच महिन्यात बाहेर काढा. तो रंगाचा थर उन्हाने आणि वयाने फिका पडतो आणि फिका पडला की लेसर फसायचं थांबतो. संगणकावर डिस्क उघडून ‘व्हिडिओ_टीएस’ हा फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवा, दोन ठिकाणी. लहान फाइल हवी असेल तर नंतर वेगळी करा, पण सॉफ्टवेअरने ‘३० फ्रेम’ सुचवलं तर नाही म्हणा. २५ ठेवा, किंवा अर्धचित्रं सोडवून ५० करा. संगणकाला आणि फोनला सगळं चालतं. मग कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेले क्षण बदलायचं आता काहीच कारण नाही.